वाण्याची यादी कधीच का फसत नाही?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की तुमची टू-डू लिस्ट कुठे अडकते ते लिहून पाठवा, म्हटलं दहा-बारा पत्रं येतील, तर ढीगच लागला, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवातच अशी केलीय की "पाठवायला उशीर झाला, सॉरी, यादीत होतं पण राहून गेलं". सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, त्यामुळे थोडे प्रश्न निवडलेत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न (डोंबिवली): मी फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. रोज रात्री झोपायच्या आधी यादी करते, ऑफिसची कामं, घरची, मुलाच्या शाळेची, सासूबाईंची औषधं, सगळं एकत्र. सध्या ३४ कामं आहेत. रोज पाच-सहा होतात आणि तेवढीच नवीन येतात. काही तर दिवाळीपासून पुढे ढकलतेय. ॲप बदलून बघितलं, तीन ॲप झाली. आता यादी उघडायचीच भीती वाटते. काय चुकतंय?

उत्तर: ताई, चौथं ॲप घेऊ नका एवढं आधी सांगते. तुम्ही यादीचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत, कारण चूक तिथेच दिसतेय. "पासपोर्ट". "आईंचे डोळे". "माळा". "प्रोजेक्ट". आणि मला सगळ्यात आवडलेलं, "कपाट!!!", तीन उद्गारचिन्हांसकट. आता बघा, ह्यातलं एकही काम नाहीये. ही सगळी प्रकरणांची नावं आहेत. "कपाट" म्हणजे काय करायचंय, आवरायचंय, विकायचंय, सुताराला बोलवायचंय की नवीन घ्यायचंय? रात्री लिहिताना ते तुम्हाला माहीत असतं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वा तास उभं राहून, घामाघूम होऊन घरी आलेल्या बाईला ते परत शोधून काढावं लागतं आणि तेवढी ताकद तेव्हा नसते, मग ती काय करते, तर "दूध आणणे" टिक करते आणि कपाट उद्यावर.

मला नेहमी वाटतं की आपल्याकडे यादी कशी करावी हे कुणी शिकवायची गरजच नव्हती, आपल्या आयांना ते येत होतं. महिन्याची वाण्याची यादी आठवा. पाठकोऱ्या कागदावर, "तूरडाळ २ किलो, गूळ अर्धा किलो, चिकीचा नको, मोहरी बारीक १०० ग्रॅम, काडेपेट्यांचा १ पुडा". त्या यादीत कुणी कधी "स्वयंपाक" असं लिहिलेलं बघितलंय का? किंवा "डाळी!!!"? प्रत्येक ओळीत वस्तू, किती हवी, कसली हवी, सगळं असायचं, आणि म्हणून ती यादी दहा वर्षांच्या पोराच्या हातात दिली तरी सामान बरोबर घरी यायचं, आईने दुकानात जायची गरज नव्हती. माझी परीक्षा हीच आहे. लिहिलेली ओळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिली आणि तुम्ही तिथे नसाल, तर काम होईल का? कारण उद्या संध्याकाळची तुम्ही म्हणजे जवळजवळ दुसरीच बाई असते, तिला काल रात्रीचं काही आठवत नसतं.

तर "आईंचे डोळे" खोडा आणि लिहा, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन, शनिवारी सकाळची वेळ घेणे, नंबर आईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर". तीन मिनिटांचं काम आहे. "पासपोर्ट" हे तर पाच कामांचं गाठोडं आहे, जुना पासपोर्ट शोधणे, वेबसाइटवर फॉर्म भरणे, फी, पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट, मग सुट्टी टाकून प्रत्यक्ष जाणे. यादीत फक्त पहिलं लिहायचं, "जुना पासपोर्ट शोधणे, बहुतेक लोखंडी कपाटात वरच्या खणात". ते झालं की दुसरं.

माझीच एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मार्च संपता संपता मी डायरीत नुसतं "बँक" असं लिहून ठेवलं होतं. एप्रिल गेला, मे गेला, मी रोज ते "बँक" बघायची आणि मला काही केल्या आठवेना की बँकेत नेमकं काय काम होतं, एकदा तर उगाचच पासबुक भरून आले. जूनमध्ये आईच्या एफडीच्या व्याजातून टीडीएस कापला गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अरे, टीडीएस कापू नये म्हणून आईचा १५एच फॉर्म द्यायचा होता! पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळाले पण ते वर्षभराने, आणि आईने ते कधी विसरू दिलं नाही ते वेगळंच. चार अक्षरं जास्त लिहिली असती तर झालं असतं.

आता त्या ३४ चं. वाण्याच्या यादीची दुसरी खुबी म्हणजे ती एका दुकानाची असते. त्यात मेडिकलचं नसतं, भाजी नसते. तुमच्या यादीत सगळी दुकानं एकत्र झालीत. म्हणून दोन गोष्टी ठेवा, एक वही आणि एक चिठ्ठी. वहीत सगळं जाऊ दे, ३४ काय ८० होऊ देत, ती रोज बघायचीच नाही, आठवड्यातून एकदा रविवारी चहा घेऊन बसायचं तिच्यासमोर. आणि चिठ्ठी रोजची, त्यात तीन कामं, फार तर चार, आणि कुठे करायची त्याप्रमाणे. ऑफिसच्या लंचमध्ये करायचे फोन, ट्रेनमध्ये मोबाइलवर होणारं काही (बसायला मिळालं तर!), स्टेशनबाहेर पडल्यावर वाटेतलं, आणि घरी. तीनच का? हिशोब करा ना, तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात. जाण्यायेण्यात अडीच-तीन तास, ऑफिसचे आठ-नऊ, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, झोप, हे सगळं वजा केलं की रोजच्या रोज जास्तीच्या कामांसाठी तुमच्याकडे पाऊण तास उरतो. पाऊण तासात ३४ कामं मावणार नाहीत हे जगातला कुठलाही ऑडिटर सांगेल. तुम्ही आळशी नाही हो, तुमचं बजेटच चुकलंय.

आणि दिवाळीपासूनची जी आहेत ना, ती कारण असल्याशिवाय सडत नाहीत. एक तर ती फार मोठी आहेत, मग त्यांचा वरच्यासारखा तुकडा पाडा. नाहीतर तुम्हाला ती करायचीच नाहीयेत. "कपाट!!!" मला ह्या दुसऱ्या जातीतलं वाटतंय. काट मारा. गणपतीत पाहुणे येणार असतील तेव्हा ते आपोआप आवरलं जाईल, आपल्याकडे कपाटं तशीच आवरली जातात.

प्रश्न (पुणे, सदाशिव पेठ): एमपीएससी करतोय, दुसरा अटेम्प्ट आहे. दर रविवारी रात्री पूर्ण आठवड्याचं टाइमटेबल बनवतो, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, सकाळी ५ ते रात्री ११ एकेक तास भरलेला. सोमवारी सकाळी १० लाच बोंब होते. मग वाटतं आता हा आठवडा गेलाच, पुढच्या सोमवारपासून. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

उत्तर: इच्छाशक्तीला कशाला मध्ये आणतोस मित्रा, तुझं गणित चुकतंय, आणि ते सगळ्यांचंच चुकतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास छापला होता, त्यात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, बरं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? म्हणाले ४८.६. आणि प्रत्यक्षात किती लागले? ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरूनही पोरं आठवडाभराने चुकली. ह्या प्रकाराला डॅनियल काह्नेमन आणि एमॉस ट्वर्स्की ह्या दोघांनी १९७९ मध्येच नाव दिलं होतं, प्लॅनिंग फॅलसी. माणूस प्लॅन करताना कामाची गोष्ट डोळ्यासमोर आणतो आणि त्या गोष्टीत मेसचा डबा उशिरा येत नाही, रूम पार्टनरचा वाढदिवस नसतो, अभ्यासिकेतली लाइट जात नाही, आणि "पाच मिनिटं चहाला" खाली उतरलं की पाऊण तास कधी जातो हे तर तुमच्या पेठेत कुणाला सांगायलाच नको.

यावर एकच औषध मला माहितीये, अंदाज करायचाच नाही, जुना हिशोब बघायचा. हा एक आठवडा टाइमटेबल बनवूच नको. नुसतं लिहीत जा की आज खरोखर किती तास झाले, किती पानं झाली. समजा निघालं की रोज साडेसहा तास होतात (आणि साडेसहा खरे तास म्हणजे वाईट नाहीत रे), तर पुढच्या आठवड्याची यादी साडेसहा तासांची कर, अठराची नाही. त्यातही एक तास कोरा ठेव. कुठलाच रंग नाही. जे सांडेल ते त्यात.

आणि तुझ्या टाइमटेबलात "राज्यव्यवस्था ९ ते ११" असं लिहिलंय. राज्यव्यवस्था दोन तासांत संपत नाही, ती कुणाचीच संपत नाही, त्यामुळे ११ वाजता तुला काम झालं असं कधीच वाटणार नाही. "मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५, एकदा वाचून त्यावरचे ३० प्रश्न सोडवणे" असं लिहिलं की ते झालं किंवा नाही झालं, मधलं काही नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तर "उत्तरलेखन" अशी एक भोंगळ ओळ सगळ्यांच्या यादीत येऊन बसलीय, तीही मोडून टाक, "एक प्रश्न, घड्याळ लावून, हाताने".

सोमवारी दहाला बिघडलं तर सोमवारच बिघडतो, तेही दुपारपर्यंत. दोन वाजता जेवून आलास की चिठ्ठी फाडायची आणि उरलेल्या दिवसाची नवीन करायची, दोन-तीन ओळींची. ह्यातही एक युक्ती आहे, ओळीला वेळेऐवजी प्रसंग जोडून टाक. "चारला इतिहास" असं नको लिहू, "चहा पिऊन वर आलो की खुर्चीत बसल्या बसल्या इतिहासाचे १० प्रश्न" असं लिही. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ह्यावर बरंच काम केलंय, अमुक झालं की तमुक करीन असं आधी ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं. चार वाजलेत हे तुझ्या लक्षात येणार नाही, पण चहा प्यायलास हे तर येईल!

रंगीत पेनं ठेव, नकाशाला लागतील.

प्रश्न (सांगली): मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. सर्व नोंदी भिंतीवरच्या कालनिर्णयवर करतो, गेली कित्येक वर्षे. चिरंजीवांनी मोबाईलमध्ये कामांच्या यादीचे ॲप घालून दिले आहे व कालनिर्णयवर लिहू नका, आता हे वापरा, असा आग्रह आहे. मला ते जमत नाही. काळाबरोबर बदलावे हे मान्य, पण खरेच बदलणे आवश्यक आहे काय?

उत्तर: सर, नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं तेव्हापासून मराठी घरातली खरी टू-डू लिस्ट तीच आहे, आपण तिला तसं म्हणत नाही एवढंच. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, कुणाचं बारसं, सगळं त्या चौकोनांत. आणि तिचा मोठा गुण असा की ती उघडावी लागत नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलं तरी दिसते आणि घरातल्या सगळ्यांना दिसते. ॲपमधली यादी ज्याच्या खिशात त्यालाच दिसते, त्यालाही दिसली तर.

दोन भोकं मात्र आहेत तिला. एक, ती वाजत नाही. आणि दुसरं, जानेवारीत जुनं कालनिर्णय रद्दीत जातं आणि त्याच्याबरोबर वर्षातून एकदाच येणाऱ्या तारखाही जातात. म्हणून डिसेंबरात नवीन आणलं की दोन्ही शेजारी शेजारी ठेवून अर्धा तास बसा आणि वार्षिक गोष्टी उतरवून घ्या, विम्याचा हप्ता, स्कूटरची पीयूसी, घरपट्टी, पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. गॅसच्या केशरी नळीचीसुद्धा, ती पाच वर्षांनी बदलायची असते आणि ते कुणाच्याच लक्षात राहत नाही, नळीवरच तारीख छापलेली असते बघा. आणि नोंद शेवटच्या तारखेच्या चौकोनात करू नका. ३० नोव्हेंबरला "दाखला" लिहिलंत तर त्या दिवशी बँकेत अर्धी सांगली भेटेल. ५ तारखेच्या चौकोनात लिहा.

फोनला फक्त वाजायचं काम द्या. रात्रीची बीपीची गोळी, डॉक्टरांची वेळ, एवढंच. चिरंजीवांनाही सांगता येईल की ॲप वापरतो, खोटं होणार नाही.

प्रश्न (हिंजवडी): आयटीत आहे. दिवसभर स्टँडअप, टिकिटं, कॉल. रात्री बेडवर पडलो की उद्याची कामं डोक्यात फिरायला लागतात, एक-दीड वाजतो. यादी केली तर अजून टेन्शन येईल असं वाटतं म्हणून करत नाही.

उत्तर: उलटं आहे. करून बघा. अमेरिकेत बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुण मंडळींना प्रयोगशाळेत झोपवून बघितलं, झोपायच्या आधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांची यादी लिहायची आणि निम्म्यांनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची लिहिणारे सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले. आता ५७ म्हणजे काही फार मोठा आकडा नाही, आणि ही सगळी तरणीताठी निरोगी माणसं होती, पण मला त्यातलं एक बारीक निरीक्षण आवडलं, ज्यांनी यादी जितकी तपशीलवार लिहिली तितके ते लवकर झोपले. परत वाण्याची यादीच की! "रिलीज" असं लिहिलं तर डोकं रात्रभर रिलीज रिलीज करत बसणार, "सकाळी टेस्टिंगवाल्यांना अमुक दोन बग विचारणे, मग मॅनेजरला मेल" असं लिहिलं की डोक्याला कळतं की ह्याचं काहीतरी ठरलंय, आता आपण सोडायला हरकत नाही. २०११ च्या एका अभ्यासातही हेच निघालं होतं, काम पुरं व्हायची गरज नाही, ते कसं करायचं एवढं पक्कं ठरलं तरी डोक्यातली टोचणी कमी होते.

कागदावर लिहा पण. फोन हातात घेतलात तर दीडचे अडीच होतील.

प्रश्न (फोंडा, गोवा): आमच्या मूळ घरी चवथीला सगळे भाऊ-भावजया जमतो. दर वर्षी मी यादी करते आणि दर वर्षी काही ना काही राहतंच. गेल्या वर्षी माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) बांधायला घेतली आणि दोरच नाही. त्याच्या आधीच्या वर्षी जानवी जोड. यादी करूनही असं कसं होतं?

उत्तर: कारण तुम्ही ती दर वर्षी नव्याने करता. बरोबर ना? चवथीच्या आठ-दहा दिवस आधी, धावपळीत, आठवून आठवून. ही टू-डू लिस्ट नाहीच मुळी, ही चेकलिस्ट आहे, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. टू-डू लिस्ट रोज मरते आणि रोज जन्मते. चेकलिस्ट एकदा नीट करायची आणि मग वर्षानुवर्षं तीच वापरायची, फक्त दुरुस्त करत.

विमानवाल्यांना हे फार महागात शिकावं लागलं. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत बोइंगचं एक नवीन बॉम्बर विमान चाचणीत उडालं आणि लगेच कोसळलं, दोन माणसं गेली. यंत्रात बिघाड काही नव्हता, चालवणारे कसलेले होते, फक्त विमान उभं असताना शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून जे लॉक लावतात ते काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायची छोटी यादी केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी तशीच १९ कलमांची यादी आणली, त्या कामात पुढे होते ते डॉक्टर अतुल गावंडे, घराणं मूळचं आपल्या विदर्भातलं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली तर ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. आणि त्यात लिहिलेलं काय, तर पेशंट तोच ना, बाजू तीच ना, शेवटी बोळे मोजले का, असलं साधंच. सर्जनला ते माहीत नसतं का? तुम्हाला माटोळीला दोर लागतो हे माहीत नव्हतं का?

तर यादी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लिहा. सगळे दमलेले असतील, लिहायचा कंटाळा येईल, पण त्या दिवशी सगळं डोळ्यासमोर असतं, दोर राहिला, नारळ सहा कमी पडले, समईच्या वाती ऐनवेळी वळल्या, पातोळ्यांना हळदीची पानं शेजारून आणली. आकड्यांसकट लिहा. माटोळीचा बाजार, भटजींचं, स्वयंपाकाचं, असे वेगळे कागद करा म्हणजे एकेका भावजयीला एकेक देता येईल. आणि गणपतीच्या पाटाबरोबर त्याच पेटीत ठेवून द्या. पुढच्या वर्षी पाट काढाल तेव्हा यादी आपोआप हातात येईल, फोनमध्ये ठेवलीत तर वर्षभरात फोनच बदललेला असतो.

प्रश्न (कोल्हापूर): आमचे मिस्टर काम सांगितलं की करतात, नाही म्हणत नाहीत. पण सांगावं लागतं. यादी मीच करायची, आठवण मीच द्यायची, झालं का मीच विचारायचं. फ्रिजवर यादी लावली तर म्हणतात मला कुठं दिसली. व्हॉट्सॲपवर टाकली तर ग्रुपमधल्या गुड मॉर्निंगखाली जाते. काही बोललं की "सांगितलं असतंस तर केलं असतं की" हे ठरलेलं. आता मला यादी करायचाच वैताग आलाय.

उत्तर: यायलाच हवा. कारण यादी करणं हेच घरातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि ते कुठल्याच यादीत नसतं. साखर आणणं दहा मिनिटांचं, साखर संपत आलीय हे बघणं, लक्षात ठेवणं, पाहुणे येणार म्हणून एक किलो जास्त लागेल हे ओळखणं, ह्याला कुणी काम म्हणतच नाही.

म्हणून त्यांना कामं देऊ नका, खाती द्या. मंत्रिमंडळात देतात तशी. "गाड्या" हे त्यांचं खातं, म्हणजे हवा, सर्व्हिसिंग, पीयूसी, विमा, सगळं, त्याची तारीख तुम्ही बघायचीच नाही. "किराणा" पूर्ण त्यांचं, डबे उघडून काय संपलंय बघण्यापासून ते भरून ठेवण्यापर्यंत. अर्धं खातं देऊ नका, बघायचं तुम्ही आणि आणायचं त्यांनी असं केलंत की परत तुम्ही सेक्रेटरी. आणि मग सगळ्यात अवघड भाग तुमच्याकडे आहे, गप्प बसायचं. एकदा साखर संपेल. संपू दे. गुळाचा चहा करा, कोल्हापुरात गुळाला काय तोटा. दुसऱ्यांदा बहुतेक संपणार नाही.

खाती वाटेपर्यंत जी एकेकटी कामं द्याल ती तरी पूर्ण लिहून द्या, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतेय. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, मी ह्यांना चिठ्ठीत "रवा १ किलो" लिहून दिलं, मनात लाडू होते. आला जाडा. मी इतकी चिडले, इतकी चिडले, आणि हे शांतपणे चिठ्ठी पुढे धरून म्हणाले, ह्यात कुठं बारीक लिहिलंय दाखव. तीन दिवस उपमा खाल्ला आम्ही, दोघंही न बोलता. आता आमच्या घरात "रवा" असं कुणी लिहीत नाही.

प्रश्न (नागपूर): यादीत नसलेलं एखादं काम करून टाकलं की मी ते आधी यादीत लिहिते आणि मग टिक करते. मुलगी हसते. हे वेड आहे का?

उत्तर: असलं तर मलाही आहे, आणि ह्या वेळच्या पत्रांतून कळलं की बऱ्याच जणांना आहे. खुशाल करा, टिक मारताना जरा बरं वाटतं, त्यात कुणाचं काही जात नाही, उलट संध्याकाळी "दिवसभर केलं काय मी" असं वाटतं तेव्हा तो कागद उत्तर देतो. फक्त यादी सुंदर करण्यात वेळ जायला लागला, म्हणजे स्टिकर, पट्टीने मारलेल्या रेघा, रविवारी पूर्ण यादी परत चांगल्या अक्षरात उतरवणं वगैरे, तर मुलीला अजून थोडं हसू द्या.

माझ्या आजच्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या, "कॉलम संपादकांना मेल, ४ पर्यंत", "गिरणीतून दळण, गहू ५ किलो, पैसे दिलेत", "मामीला फोन, गुडघ्याचं विचारणे". चौथी "उशांचे अभ्रे बदलले" ही मी मघाशी घातली आणि टिकही केली. मामीशी पाऊण तास बोलले. आता साडेसात होतायत, मेल जाईलच पण संपादकांचा फोन येऊन गेलाय, आणि गिरणी आठला बंद होते.